नकाराचे अपूर्णांक

औद्योगिक नियंत्रकाच्या अंगी कितीही तर्कबुद्धी असली, तरी बाहेरच्या जगाशी असलेला त्याचा व्यवहार अखेर आउटपुटच्या काही स्क्रूंपाशी येऊन ठेपतो, आणि त्या स्क्रूंवर त्याला बहुधा दोनच गोष्टी सांगता येतात: वीज जाऊ द्यावी, किंवा जाऊ देऊ नये. होकार देणे सर्वच घटकांना साधारण सारखेच जमते. त्यांच्या स्वभावांतील फरक कळतो तो नकार देण्याच्या पद्धतीवरून. विद्युतचुंबकीय रिलेचा नकार निखळ असतो, कारण तो नकार देतो तेव्हा त्याच्या दोन संपर्कबिंदूंमध्ये हवेशिवाय काहीही उरत नाही. सॉलिड स्टेट रिले, म्हणजे ज्यात एकही हलणारा भाग नसून सारे काम अर्धवाहकाकडून करवून घेतले जाते आणि ज्याला भोसरीपासून वाळूजपर्यंत 'एसएसआर' या आद्याक्षरांनीच ओळखले जाते, तो मात्र पूर्ण नकार कधीच देत नाही. नकाराचा फार मोठा भाग तो प्रामाणिकपणे देतो. राहिलेला भाग मिलिअँपिअरमध्ये मोजावा लागतो, आणि कारखान्यातील वादविवादांपैकी बरेचसे या राहिलेल्या भागावरच पोसले जातात.

या स्वभावभेदामागे इतिहास आहे. रिलेची कल्पना अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांच्या १८३५ च्या सुमाराच्या प्रयोगांपर्यंत मागे नेता येते. वेटोळ्यातून क्षीण प्रवाह सोडला की आतील लोखंड चुंबक बनते, ते दुसरा लोखंडी तुकडा ओढते आणि हा ओढलेला तुकडा मोठ्या प्रवाहाची वाट मोकळी करतो, एवढेच तिचे तत्त्व होय. विसाव्या शतकात मोटारींच्या कारखान्यांत अशा रिलेंच्या भिंतीच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि मोटारीचे नवे मॉडेल आले की ती भिंत उसवून पुन्हा शिवण्यासाठी वायरमनांची फौज लागू लागली. या जाचातून सुटका व्हावी म्हणून जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये पर्यायाची मागणी केली, आणि डिक मॉर्ली व बेडफर्ड असोसिएट्समधील त्यांच्या सहकाऱ्यांनी जो नियंत्रक घडवला त्याला '०८४' असे नाव पडले, कारण तो त्या संस्थेचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. (आधीच्या त्र्याऐंशी प्रकल्पांची आज कोणी चौकशीही करत नाही, इतिहासलेखनाचे अन्याय असेच असतात.) रिलेंची सद्दी संपवण्यासाठी जन्मलेल्या या यंत्राच्या, म्हणजे पुढे 'प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर' किंवा पीएलसी म्हणून ओळखल्या गेलेल्या नियंत्रकाच्या, पोटातील रिले खरोखरच गेले, परंतु जिथे खऱ्या विजेला हात घालायचा असतो त्या आउटपुटच्या टोकाशी ते ठाण मांडून बसले, आणि आजही बहुतेक पीएलसींच्या कॅटलॉगमध्ये आउटपुटच्या रकान्यात पहिले नाव त्यांचेच असते. त्याखाली डीसीसाठी ट्रान्झिस्टर आणि एसीसाठी ट्रायॅक हे घनावस्थेतील पर्याय येतात, आणि ज्याला यांपैकी कोणाचाही आवाका पुरत नाही तो नियंत्रकाच्या आउटपुटला बाहेरून स्वतंत्र एसएसआर जोडतो.

हा पर्याय स्वीकारण्यामागे हौस नसून अंकगणित असते. प्लास्टिकचे इंजेक्शन मोल्डिंग करणाऱ्या यंत्राचे उदाहरण घेतले तर त्याच्या बॅरलवर, म्हणजे ज्या पोलादी नळीत प्लास्टिकचे दाणे वितळतात तिच्यावर, ठिकठिकाणी हीटर आवळलेले असतात आणि प्रत्येक विभागाचे, कारखान्याच्या भाषेत 'झोन'चे, तापमान थर्मोकपलने मोजून नियंत्रक त्या त्या हीटरला हप्त्याहप्त्याने वीज देत असतो. चाळीस टक्के उष्णता हवी असेल, तर दोन सेकंदांच्या आवर्तनात ०.८ सेकंद वीज चालू आणि १.२ सेकंद बंद, असा हा हिशेब चालतो. दोन सेकंदांना एक आवर्तन धरले तर दिवसाकाठी ४३,२०० आवर्तने होतात, आणि सर्वसाधारण रिलेचे पूर्ण भारावरील आयुष्य सुमारे एक लाख आवर्तनांचे मानले जात असल्याने, सोमवारी सकाळच्या पाळीत बसवलेल्या रिलेने बुधवारच्या दुपारच्या चहापर्यंत अवतारकार्य आटोपलेले असते. आवर्तन वीस सेकंदांचे केले तर रिले तीन आठवडे जगतो, पण मग तापमान झोपाळ्यावर बसते आणि त्याच्यासोबत मालाची प्रतही. एसएसआरमध्ये झिजणारे, ठिणगी खाणारे, चिकटणारे असे काहीच नसल्यामुळे आवर्तनांची गणतीच त्याला लागू होत नाही, आणि याच एका गुणावर त्याची कारखान्यात निवड होते. दोष यथावकाश कळतात.

त्याची आतील रचना थोडक्यात सांगण्यासारखी आहे. नियंत्रकाकडून आलेला क्षीण डीसी संकेत एका लहानशा एलईडीला पेटवतो, त्या एलईडीचा प्रकाश काही अंतरावरील प्रकाशसंवेदी अर्धवाहकावर पडतो, आणि तो अर्धवाहक पुढे ट्रायॅकला, किंवा परस्परविरुद्ध जोडलेल्या दोन थायरिस्टरांना, जागे करतो. म्हणजेच आदेश देणारा आणि तो पाळणारा यांच्यात तारेचा संबंध नसून केवळ प्रकाशाचा संबंध असतो, आणि २३० व्होल्टच्या बाजूला काहीही आक्रीत घडले तरी नियंत्रकाच्या नाजूक मेंदूपर्यंत त्याची झळ सहसा पोहोचत नाही. एसएसआरच्या दर्शनी बाजूवर जो लहानसा दिवा दिसतो तो या व्यवस्थेतील सर्वांत गैरसमज पसरवणारा घटक होय, कारण तो आदेश मिळाल्याची पोच देतो, आदेश पाळल्याची नव्हे. आतील ट्रायॅक जळून कोळसा झाला असला तरी दिवा वेळच्या वेळी लुकलुकत राहतो, आणि त्याच्याकडे पाहून पाळीप्रमुख 'एसएसआर ओके आहे' असा निर्वाळा देतो. रिलेच्या काळात ही खातरजमा कानावर सोपवलेली होती. अनुभवी इलेक्ट्रिशियन पॅनेलचे दार न उघडताच, टकटक ऐकून, तिसऱ्या झोनचा रिले अडकला आहे असे सांगू शकत असे. एसएसआर आल्यावर पॅनेल गप्प झाले, आणि एका पिढीने कमावलेला हा कान पुढच्या पिढीत निरुपयोगी ठरला.

ट्रायॅकची विशेष रीत अशी, की त्याला वाहते करण्यासाठी क्षणाचा इशारा पुरतो, पण एकदा वाहू लागल्यावर इशारा काढून घेतला तरी तो थांबत नाही. त्याच्यातून जाणारा प्रवाह आपणहून शून्याजवळ येईल तेव्हाच तो थांबतो. मराठी घरातला पाहुणा 'बरं, येतो मग' असे म्हणून उंबऱ्यात उभा राहतो आणि बोलण्यात खंड पडल्याशिवाय चपलेत पाय घालत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे. भारतातील एसी वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी बोलण्यात खंड पडतो आणि पाहुण्याचा मुक्काम कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र हाच एसीचा एसएसआर कोणी २४ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला जोडला, तर तिथे प्रवाह कधीच शून्याला येत नसल्याने संभाषण अखंड चालते, आणि नियंत्रकाने कितीही वेळा निरोप दिला तरी मुख्य स्विच पाडेपर्यंत पाहुणा जागचा हलत नाही. डीसीसाठी मॉस्फेट वापरलेले वेगळे एसएसआर मिळतात हे खरे, पण त्यांची धन आणि ऋण टोके उलटी जोडली तर मॉस्फेटच्या अंगभूत डायोडमधून वीज विनापरवाना वाहू लागते. दोन्ही प्रकारांची खोकी बाहेरून सारखीच दिसावीत ही योजना कोणाची, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा.

बहुतेक एसी एसएसआर चालू होतानाही शिस्त पाळतात: आदेश मधेच आला तरी ते व्होल्टेज शून्यातून जाण्याची वाट पाहतात आणि मगच वाहू लागतात, ज्यामुळे हीटरला धक्का बसत नाही आणि शेजारच्या उपकरणांना विद्युत-गोंगाटाचा उपद्रव होत नाही. या सुसंस्कृतपणाचा लाभ हीटरला होतो. ट्रान्सफॉर्मरला मात्र नेमका शून्यावर दिलेला व्होल्टेज सर्वांत जाचक ठरतो आणि तो सुरुवातीलाच भलामोठा प्रवाह खेचतो. सभ्यता सर्वांना मानवत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे नकारातील उणिवेकडे, यावयास हवे. ट्रायॅकच्या दोन टोकांवर व्होल्टेज अतिवेगाने चढला तर तो आदेशाशिवायच जागा होण्याचा धोका असतो, आणि तो टाळण्यासाठी त्याच्या समांतर एक रेझिस्टर व एक कपॅसिटर यांची जोडी बसवतात. तिला 'स्नबर' म्हणतात. कपॅसिटर एसीला अडवत नसल्यामुळे एसएसआर बंद असतानाही या जोडीतून एक ते दहा मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह पाझरत राहतो. जो घटक अनाहूत चालूपणा रोखण्यासाठी नेमला आहे त्याच्याच वाटेने पूर्ण बंदपणा निसटून जातो, ही गोष्ट विद्युत-अभियांत्रिकीपेक्षा राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना अधिक परिचयाची वाटेल. तीन किलोवॉटच्या हीटरला या पाझराचा पत्ताही लागत नाही, कारण त्याचा रोध जेमतेम साडेसतरा ओहम असतो आणि पाच मिलिअँपिअरने त्यावर व्होल्टचा दहावा भागही उमटत नाही. परंतु त्याच आउटपुटवर एखादा लहान एलईडी दिवा असेल तर तो बंद अवस्थेत मंद उजळत राहतो, आणि नाजूक रिले असेल तर तो एकदा ओढला गेल्यावर सुटण्याचे नावच काढत नाही.

खरे नाट्य घडते ते मल्टीमीटर बाहेर निघाल्यावर. तिसरा झोन तापत नाही अशी तक्रार आल्यावर मेंटेनन्सचा माणूस, सुरक्षिततेचा विचार करून, प्रथम हीटरच्या तारा सोडवतो आणि मग एसएसआरच्या आउटपुटवर मीटर लावतो. आदेश बंद असताना तिथे शून्य दिसावयास हवे. दिसतात जवळजवळ २३० व्होल्ट. याचे कारण असे, की आधुनिक मीटरचा अंतर्गत रोध सुमारे एक कोटी ओहम असतो, आणि पाच मिलिअँपिअर पाझरू देणारा एसएसआर पन्नास हजार ओहमांहूनही कमी रोध दाखवत असल्यामुळे, हीटर काढून टाकल्यावर जवळजवळ सर्व व्होल्टेज मीटरच्याच वाट्याला येतो. मेंटेनन्सचा माणूस 'एसएसआर शॉर्ट आहे' असे निदान करून नवा बसवतो. मीटर पुन्हा तेच दाखवते. तिसरा बसवला तरी तेच. एव्हाना संपूर्ण खोकेच सदोष आल्याविषयी कोणाच्याही मनात शंका उरलेली नसते, खरेदी विभाग पुरवठादाराला तिखट पत्र पाठवतो, आणि पुरवठादार प्रत्येक नगाला रीतसर भार जोडून तपासणी करून सर्व नग निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र परत पाठवतो. दोन्ही पक्षांची मोजमापे अचूक असतात, दोघांचीही मीटरे प्रमाणित असतात, आणि दोघेही एकमेकांना अप्रामाणिक समजू लागतात. दरम्यान तुटलेली असते ती हीटरची तार, जी मोजणे सर्वांत सोपे असल्यामुळेच सर्वांत शेवटी मोजली जाते.

जुन्या इलेक्ट्रिशियनांपाशी यावर उतारा होता. होल्डरला दोन तारा जोडून केलेला साधा टेस्ट लॅम्प ते आउटपुटला भार म्हणून लावत. शंभर वॉटच्या तंतूच्या बल्बला पाच मिलिअँपिअरचे काहीच वाटत नसल्याने तो विझलेला राही आणि एसएसआरची अब्रू वाचे. आता तंतूचे बल्ब दुकानातून हद्दपार होत चालले असून टेस्ट लॅम्पच्या होल्डरमध्ये नऊ वॉटचा एलईडी बल्ब आला आहे, आणि तो अत्यल्प प्रवाहावरही लुकलुकून निर्दोष एसएसआरविरुद्ध साक्ष देतो. खिशातल्या टेस्टरबद्दल तर बोलायलाच नको. त्यातील निऑनला मायक्रोअँपिअर पुरतात, त्यामुळे तो एसएसआरच्या आउटपुटवर सदैव पेटलेलाच असतो. यात विनोद संपतो तो हात लागल्यावर, कारण माणसाच्या शरीराला एका मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवू लागतात आणि पाझरणारा प्रवाह त्याहून अनेकपट असू शकतो.

पाझरावरचा शास्त्रोक्त उपाय म्हणजे भाराच्या समांतर एक रेझिस्टर जोडणे, जेणेकरून पाझरणारा प्रवाह दिव्याकडे न जाता त्याच्यातून जाईल आणि ट्रायॅकला वाहते राहण्यासाठी लागणारा किमान प्रवाहही भरून निघेल. दहा किलोओहमचा असा रेझिस्टर २३० व्होल्टवर पाच वॉटहून अधिक वीज खातो, बदल्यात कोणतेही दृश्य काम करत नाही, आणि तरीही त्याला काढून टाकताच शेजारच्याचे काम बिघडते. अशा नेमणुका फक्त पॅनेलमध्येच होतात असे नाही.

नकार अपुरा असला तर होकार तरी पूर्ण असावा, अशी अपेक्षा कोणी केल्यास तीही फोल ठरते. रिलेच्या मिटलेल्या संपर्कबिंदूंवर व्होल्टेज जवळजवळ वाया जात नाही. एसएसआर मात्र प्रत्येक अँपिअरमागे साधारण एक ते दीड वॉट उष्णतेचा करभार घेतो, कारण त्याच्या अर्धवाहकावर सव्वा व्होल्टच्या आसपास व्होल्टेज कायमचा अडकून राहतो. तीन किलोवॉटचा हीटर तेरा अँपिअर घेत असेल तर हा कर सुमारे सोळा वॉट होतो, आणि यंत्राचे पाच झोन असून ते सर्व एकाच वेळी पूर्ण चालले तर लोखंडी पॅनेलच्या आत ऐंशी वॉटची शेगडी पेटते. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी पात्यापात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, एसएसआरच्या पाठीशी लावावा लागतो. एसएसआरच्या अंगावर ठळकपणे छापलेले '४० अँपिअर' हे विधान या ठोकळ्यासह आणि ठराविक तापमानापर्यंतच खरे असते. ठोकळ्याविना तेच उपकरण मोजके काही अँपिअरच पेलू शकते, आणि बाहेरचे तापमान चाळीस अंशांपुढे गेले की ठोकळ्यासह देखील त्याची क्षमता उतरत जाते. चंद्रपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

खरेदी विभागाला मात्र तो समजावून सांगावा लागतो. कोटेशनमध्ये एसएसआर आणि हीटसिंक असे दोन रकाने असतात, ठोकळ्याची किंमत कित्येकदा उपकरणाच्या जवळपास जाते, आणि ज्यात एकही तार नाही त्या ॲल्युमिनियमला एवढे पैसे का, या प्रश्नाला तांत्रिक उत्तर दिले तरी ते पटत नाही. मग हीटसिंक वगळून एसएसआर येतात, पत्र्यावर थेट आवळले जातात, थर्मल पेस्टची नळी कोणाच्या तरी टेबलाच्या खणात सुकते, आणि दोन उन्हाळ्यांनंतर तोच ठोकळा 'दुरुस्ती' या खात्यातून, तातडीच्या दराने, विकत घेतला जातो. ज्या कारखान्यांत तो आधीच बसवलेला असतो तिथे खंडेनवमीला पॅनेलची यथासांग पूजा होऊन हळदकुंकवाचा काही अंश पंख्याच्या जाळीवर स्थिरावतो आणि हवेची वाट अडवतो. यंत्राविषयीची श्रद्धा आणि यंत्राचे वायुवीजन यांचा मेळ घालणारा विधी अद्याप रूढ झालेला नाही.

उष्णतेने, अतिप्रवाहाने किंवा विजेच्या झटक्याने एसएसआर अखेर मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे नकार देण्याची उरलीसुरली क्षमता गमावून कायमच्या होकारात जातो. हीटरमध्येच शॉर्ट झाला तर वाटेतील एमसीबी पडण्याआधी अर्धवाहक वितळून गेलेला असतो आणि एमसीबी सुखरूप राहतो. हे उलटे संरक्षण टाळण्यासाठी अर्धवाहकांसाठीचा खास शीघ्रगती फ्यूज लागतो, ज्याचे नशीब कोटेशनमध्ये हीटसिंकहूनही वाईट असते. शॉर्ट झालेल्या एसएसआरच्या झोनवर मग असे दृश्य दिसते: पडद्यावर इच्छित तापमान २१० अंश, प्रत्यक्ष तापमान २६० आणि चढतेच, आणि नियंत्रकाने दिलेला आउटपुट शून्य टक्के. नियंत्रकाची बाजू निर्विवाद असते. त्याने नकार दिलेला आहे, वेळेवर दिलेला आहे, नोंदवहीत तो दर सेकंदाला लिहिलेला आहे. बॅरलमधील प्लास्टिक जळून धूर येऊ लागला तरी त्याच्या नोंदींत एका आकड्याचीही खोट सापडत नाही. त्यातून बॅरलमध्ये पीव्हीसी असेल तर धुरासोबत हायड्रोजन क्लोराइडही येतो, जो नाकाला तर झोंबतोच, शिवाय साचा आणि स्क्रू यांनाही गंजवतो, आणि चौकशी सुरू होते ती ऑपरेटरने तापमान वाढवले होते का, येथपासून.

म्हणूनच जाणते रचनाकार एसएसआरच्या वर, त्याच वाटेत, एक जुन्या घडणीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा विद्युतचुंबकीय रिलेच, बसवतात आणि तापमानाची कमाल मर्यादा ओलांडली किंवा आणीबाणीचे लाल बटण दाबले गेले, की त्याने वीज खरोखरच तोडावी अशी व्यवस्था करतात. या कॉन्टॅक्टरने पाळीच्या आरंभी एकदा मिटावे आणि अखेरीस एकदा उघडावे, एवढेच अपेक्षित असल्यामुळे त्याचे लाखभर आवर्तनांचे आयुष्य पिढ्यान् पिढ्या पुरते. मात्र सर्व सुरळीत असताना तो काहीच करताना दिसत नाही, आणि पुढच्या खर्चकपातीच्या बैठकीत यादीवर बोट ठेवून नेमके त्याच्याविषयीच विचारले जाते, की एसएसआर असताना हा आणखी कशासाठी. बैठक दिवसपाळीत होते. तिचे इतिवृत्त लिहून होईपर्यंत कॉन्टॅक्टर पॅनेलमधून निघून स्टोअरमध्ये जमा झालेला असतो, आणि तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर २६० चा आकडा पाहून प्रथम फोन शोधतो, मग मेन स्विच.